मृगाच्या आत परत या!

मंडळी, अणदूरच्या एखाद्या जोडप्याने सोबत्यांसह उन्हाळ्यात नॉर्वेला जायचे ठरवले, तर आधी पंचांग बघावे. तिकडचा उन्हाळा जून ते ऑगस्ट; नेमकी आपली पेरणी-खुरपणी! पण उत्तरेकडच्या ट्रॉम्सो शहरात साधारण २० मे ते २२ जुलै सूर्य मावळतच नाही. तेव्हा २० मेनंतर निघावे, मृगाच्या आत परतावे. डोंगरांवर तेव्हाही बर्फ असतो. लोकरीचे कपडे घ्या. व्हिसासाठी निदान ३०,००० युरोचा आरोग्यविमा लागतो.

मध्यरात्रीचे ऊन बघालच, पण तिथले गोठेही बघा. देशात लागवडीची जमीन अवघी ३ टक्के. हिवाळाभर जनावरे गोठ्यात, म्हणून उन्हाळ्यातच वैरणीची बेगमी करतात; आपल्या कडब्याच्या गंजीसारखीच. तिथे मात्र कारभारणीला पुढे करा. जनावराची पारख तिलाच जास्त!