दोन शून्ये आणि एक हिरवी पट्टी

मध्यंतरी एका शालेय विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून बसण्याचा योग आला. आमच्या हडपसर भागातील नववीच्या मुलांनी ‘आपल्या परिसरातील हवा’ हा विषय घेतला होता. सकाळी सोलापूर रस्त्यावर वाहनांची रांग ज्याने पाहिली आहे, त्याला या विषयाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. मुलांनी 2.5 मायक्रोमीटरहून लहान अशा धूलिकणांच्या रोजच्या नोंदी आठवडाभर उतरवून घेतल्या, त्या एक्सेलच्या तक्त्यात भरल्या, सरासरी काढली आणि पॉवरपॉइंटवर सुरेख स्लाइड तयार केली. तीवर हिरवी पट्टी होती आणि ठळक अक्षरांत लिहिले होते: ‘सरासरी 57. हवा समाधानकारक.’

रंगसंगती छान, बोलणे धीट. आम्ही परीक्षकांनी त्यांना पहिला क्रमांक देण्याचे जवळजवळ ठरविलेच होते. सहज म्हणून मी नोंदींची वही मागितली. वहीत पाचच आकडे होते. समजण्यासाठी ते थोडे सोपे करून सांगतो: 84, 70, 77, 91 आणि 78. उरलेले दोन दिवस चाचणी परीक्षेचे होते, म्हणून नोंद घ्यावयाची राहून गेली होती. तक्ता भरताना मात्र त्या दोन चौकटी मोकळ्या बऱ्या दिसत नाहीत म्हणून कोणीतरी तेथे 0 लिहिला.

आता गणित करून पहा. पाच आकड्यांची बेरीज 400. तिला 5 ने भागले तर 80 आणि 7 ने भागले तर सुमारे 57. आपल्या देशात या धूलिकणांसाठी 24 तासांच्या सरासरीची मर्यादा दर घनमीटर हवेत 60 मायक्रोग्रॅम इतकी ठरविलेली आहे. म्हणजे दोन शून्यांनी हडपसरची हवा मर्यादेच्या आत आणून ठेवली! त्या चौकटी कोऱ्या ठेवल्या असत्या, तर एक्सेलने त्या सरासरीतून आपोआप वगळल्या असत्या. शून्य म्हणजे ‘मोजले, पण काही आढळले नाही’, आणि कोरी जागा म्हणजे ‘मोजलेच नाही’. हा फरक संगणकाला कळत नाही. तो नोंद करणाऱ्यालाच कळावा लागतो.

तुम्ही म्हणाल, ही तर मुलांची चूक, मोठी माणसे असे करीत नाहीत. दुर्दैवाने तसे नाही.

आमच्या मगरपट्ट्यातील उंच इमारतींत माझे काही जुने विद्यार्थी काम करतात. त्यांच्यापैकी काहींचे काम म्हणजे कंपनीच्या साठलेल्या माहितीतून अहवाल काढणे. यासाठी ज्या संगणक-आज्ञावल्या वापरतात त्यांना ‘बिझनेस इंटेलिजन्स’ असे नाव आहे. पॉवर बीआय आणि टॅब्लो ही त्यांतली परिचित नावे. नाव नवे वाटले तरी कल्पना जुनी आहे. आयबीएम कंपनीतील हान्स पीटर लून यांनी 1958 सालीच याच नावाने एक लेख लिहिला होता. घरच्या संगणकावर चालणारा पहिला हिशेबी तक्ता, व्हिसिकॅल्क, 1979 साली आला. एक्सेल 1985 साली आणि पॉवरपॉइंट 1987 साली बाजारात आले.

आज या तिघांची साखळी झाली आहे. मूळ नोंदी मोठ्या साठ्यात असतात. अहवालाची आज्ञावली त्यांतून बेरजा आणि सरासऱ्या काढते. त्या एक्सेलमध्ये उतरवून आणखी थोडे गणित होते आणि शेवटी निवडक आकडे स्लाइडवर जाऊन बसतात. प्रत्येक पायरीवर आकडे कमी होतात आणि रंग वाढतात. शिवाय स्लाइडवर आकडा नुसता चिकटविला, तर मूळ साठ्याशी त्याचा धागा तुटतो. उद्या मूळ नोंद दुरुस्त झाली तरी स्लाइडवर जुनाच आकडा राहतो. हा धागा शाबूत ठेवण्याची सोय या आज्ञावल्यांत असते, परंतु ती आठवणीने वापरावी लागते.

या साखळीत चूक कशी शिरते, याचे एक उदाहरण वहीवर सोडवा. तुकडी ‘अ’ मध्ये 60 विद्यार्थी आहेत आणि त्यांच्या गुणांची सरासरी 50. तुकडी ‘ब’ मध्ये 20 विद्यार्थी आणि सरासरी 70. अहवालातून फक्त दोन सरासऱ्या हाती आल्या, तर एक्सेल त्यांची सरासरी 60 सांगेल. पण एकूण गुण 3000 अधिक 1400, म्हणजे 4400, आणि विद्यार्थी 80. खरी सरासरी 55! आज्ञावलीने भागाकारात कोठेही चूक केली नाही. विद्यार्थिसंख्या मात्र वाटेत गळून पडली.

आता जगातील तीन घटना सांगतो.

पहिली इंग्लंडमधील. करोनाच्या साथीत, 2020 च्या सप्टेंबर अखेरीस, प्रयोगशाळांचे निकाल एक्सेलच्या जुन्या पद्धतीच्या फायलीत भरले जात होते. त्या फायलीत 65,536 ओळीच मावतात. हा आकडा म्हणजे 2 चा 16 वा घात, हे तुम्ही ओळखले असेलच. पुढच्या नोंदी मुकाट्याने बाहेर राहिल्या. 25 सप्टेंबर ते 2 ऑक्टोबर या आठवड्यातील 15,841 रुग्ण दैनिक आकडेवारीतून गळाले. त्या रुग्णांना स्वतःचा निकाल कळला होता, परंतु त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध घेण्यास उशीर झाला. साथीत असा उशीर किती महाग पडतो, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे.

दुसरी घटना जीवशास्त्रातील. ‘सेप्ट2’ आणि ‘मार्च1’ अशी काही जनुकांची नावे होती. एक्सेलला त्या तारखा वाटल्या! त्याने त्यांचे 2 सप्टेंबर आणि 1 मार्च करून टाकले. 2016 साली झालेल्या पाहणीत असे आढळले, की ज्या शोधनिबंधांना एक्सेलमधील जनुकांची यादी जोडलेली होती, त्यांपैकी सुमारे एकपंचमांश निबंधांत अशा चुका होत्या. शेवटी 2020 साली शास्त्रज्ञांनी जनुकांचीच नावे बदलली.

तिसरी घटना मनाला चटका लावणारी आहे. 16 जानेवारी 2003 रोजी कोलंबिया अंतराळयानाने उड्डाण केले, तेव्हा टाकीवरील फेसाचा एक तुकडा सुटून त्याच्या पंखावर आदळला. यान अंतराळात असताना अभियंत्यांनी धोक्याचा अंदाज पॉवरपॉइंटच्या स्लाइडवर मांडला. वरचा मथळा धीर देणारा होता. अगदी खाली, बारीक अक्षरांत, एक गोष्ट लिहिलेली होती: आदळलेला तुकडा 1920 घन इंचांचा, तर पूर्वीच्या चाचणीतला 3 घन इंचांचा. म्हणजे 640 पट! चाचणीच्या कितीतरी बाहेरची ही परिस्थिती मथळ्यात आलीच नाही. 1 फेब्रुवारीला यान परतताना भंगले आणि आपल्या कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. अपघात स्लाइडमुळे झाला असे कोणी म्हणणार नाही. तथापि चौकशी मंडळाने आपल्या अहवालात, तांत्रिक निबंधांऐवजी अशा स्लाइडांवर विसंबण्याच्या सवयीवर स्पष्ट टीका केली आहे.

मग ही साधने टाकून द्यावयाची का? मुळीच नाही. हजारो नोंदींची बेरीज हाताने करण्यात शहाणपण नाही, आणि चांगला आलेख दहा पानांचे काम करतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1858 साली आलेख काढूनच दाखविले, की सैनिक जखमांपेक्षा टाळता येणाऱ्या रोगांनी अधिक मरत आहेत. माझे म्हणणे एवढेच, की आपण शाळांतून क्रम उलटा शिकवीत आहोत. स्लाइड कशी सजवावी हे मुलाला सातवीत येते, पण नोंद कशी ठेवावी हे बारावीतही येत नाही. प्रयोगशाळेत मी हे दरवर्षी पाहतो. लंबकाचा काल साध्या घड्याळाने मोजलेला असतो आणि गुरुत्वत्वरणाचे उत्तर मात्र दशांशचिन्हापुढे सात अंकांपर्यंत लिहिलेले असते, कारण एक्सेलने तेवढे दाखविले!

म्हणून विद्यार्थी मित्रहो, पडद्यावरचा कोणताही आकडा पाहिला की तीन प्रश्न विचारा. हा कोणी आणि कशाने मोजला? किती नोंदींवरून काढला? ज्या नोंदी नव्हत्या त्यांचे काय केले? आपल्या स्लाइडच्या तळाशी ही उत्तरे स्वतःहून लिहा.

आणि शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. प्रकल्पाला 20 गुण असतील, तर त्यांतील 10 नोंदवहीला द्या आणि वही पाहिल्याशिवाय स्लाइड पाहू नका. परीक्षक म्हणून मीही आता हाच क्रम पाळणार आहे.

त्या नववीच्या मुलांनी पट्टी तासाभरात बदलली. हिरवा रंग गेला, 57 चे 80 झाले आणि खाली एक ओळ आली: ‘पाच दिवसांच्या नोंदी, दोन दिवस मापन नाही.’ स्लाइड पूर्वीइतकी देखणी राहिली नाही, पण क्रमांक आम्ही त्यांनाच दिला.