भाडे चढेल, उतरणार नाही!

बाजारात चार गाळे असलेला माणूस आपल्याकडे पूर्वीपासून सुखी समजला जातो. "त्याला काय, पेठेत दुकाने आहेत त्याची!" असे म्हटले की पुढे बोलावयाचे काही उरत नाही. शेती पावसावर, नोकरी साहेबाच्या मर्जीवर, सोने चोराच्या दयेवर. गाळा मात्र आपल्या जागी उभा असतो आणि महिन्याच्या महिन्याला भाडे घालतो. इंग्लंडसारख्या मुरलेल्या व्यापारी देशात तर या समजुतीच्या मोठमोठ्या कंपन्या निघाल्या. त्यांचे भाग लंडनच्या शेअरबाजारात विकले गेले आणि पेन्शनीत निघालेल्या माणसांनी, त्यांच्या निर्वाह-निधींनी, विमा कंपन्यांनी ते निर्धोक म्हणून घेतले. त्या भरवशाचे काय झाले, हे यंदाच्या दिवाळीत सांगण्याचे कारण असे की, मॉलचे भाडे भागधारकांना वाटून देणारे न्यास आता आपल्याकडेही आले आहेत, आणि "यात पैसे घालावेत काय?" असे विचारणारे वाचक भेटू लागले आहेत.

इंग्लंडमधल्या गावोगावच्या मुख्य बाजाररस्त्याला 'हाय स्ट्रीट' म्हणतात. पुण्याचा लक्ष्मी रोड, दादरचा रानडे रोड किंवा कोल्हापूरचा महाद्वार रोड डोळ्यांसमोर आणा. फरक एवढाच की, आपल्या रस्त्यांवर शंभर दुकानांचे शंभर मालक असतात. तिकडे मात्र प्रत्येक गावात तीच ती दहा-वीस नावे. वूलवर्थ्स, डेबनहॅम्स, बीएचएस, मार्क्स अँड स्पेन्सर, बूट्स, डब्ल्यू. एच. स्मिथ. गाव बदलले तरी पाट्या त्याच. जागांच्या कंपन्यांना हे फार सोयीचे वाटे. शंभर किरकोळ भाडेकरूंमागे धावण्यापेक्षा राष्ट्रभर पसरलेली एक नामांकित पेढी भाडेकरू म्हणून मिळाली, की पंचवीस वर्षांचा भाडेपट्टा लिहावा आणि झोपी जावे! नामांकित पेढीही बुडते आणि बुडते तेव्हा साऱ्या गावांत एकाच दिवशी बुडते, हा विचार त्या काळी फारसा कोणी केला नाही.

तिकडे दुकानभाडे परंपरेने वर्षातून चारदा आगाऊ भरतात. २५ मार्च, २४ जून, २९ सप्टेंबर आणि २५ डिसेंबर हे ते चार दिवस. नाताळचा दिवस हाच भाड्याचा दिवस! दुकान बुडाल्याच्या बातम्या पुष्कळदा या तारखांच्या आसपासच येतात. तीन महिन्यांचे भाडे एकदम मोजावयाची वेळ आली की गल्ल्यात काय आहे ते उघडे पडते.

आता खरी गोम ऐका. या भाडेपट्ट्यांत दर पाच वर्षांनी भाडे नव्याने ठरवावयाचे असते. पण ते फक्त वर जाणार, खाली येणार नाही, असे कलम असते. समजा, २००७ साली एका दुकानाचे भाडे वर्षाला एक लाख पौंड ठरले. २०१२ साली शेजारचे तसलेच दुकान सत्तर हजारांत मिळू लागले. तरी जुन्या भाडेकरूने लाखच भरावयाचे! कंपनीच्या हिशेबात तो लाख उत्पन्न म्हणून झळकणार, त्या लाखावरून इमारतीची किंमत ठरणार आणि त्या किमतीवर पेढ्या कर्ज देणार. म्हणजे बाजारात जे भाडे कोणी नव्याने देणार नाही, त्याच्यावर साऱ्या इमल्याचा पाया!

मुंबईतल्या जुन्या दुकानांचा प्रकार याच्या नेमका उलट आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने तिथली भाडी गोठवली आणि पागडीचा बाजार उभा राहिला. तिकडे भाडे उतरत नाही, इकडे चढत नाही. दोन्हीकडे कागदावरचा आकडा एक आणि बाजारातला दुसरा. फक्त मुंबईत रडतो घरमालक, तिकडे रडला दुकानदार. आणि दुकानदार फार दिवस रडत नाही. तो एके दिवशी दुकानच बंद करतो.

तसेच झाले. १९०९ साली लिव्हरपूलला पहिले दुकान उघडलेली वूलवर्थ्स ही पेढी २००८ च्या अखेरीस बुडाली आणि जानेवारी २००९ च्या पहिल्या आठवड्यापर्यंत तिची आठशेंवर दुकाने बंद झाली. बीएचएस २०१५ मध्ये एका पौंडाला विकली गेली आणि २०१६ मध्ये बुडाली. डेबनहॅम्सची गोष्ट तर भाग घेणाऱ्याने पाठच करावी अशी आहे. या पेढीने २००५ साली आपल्या मालकीच्या २३ इमारती ब्रिटिश लँड या जागांच्या कंपनीला ४९.५ कोटी पौंडांना विकल्या आणि त्याच इमारतींत ती लांब मुदतीची भाडेकरू म्हणून राहिली. हाती रोकड आली. मानेवर भाड्याचे जू बसले. विकणाऱ्यालाही वाटले आपण शहाणे, घेणाऱ्यालाही वाटले आपण शहाणे. २०२१ च्या मे महिन्यात डेबनहॅम्सचे शेवटचे दुकान बंद झाले. डब्ल्यू. एच. स्मिथ बुडाली नाही. पण तिनेही २०२५ मध्ये हमरस्त्यावरची आपली सारी दुकाने विकली आणि ती मुख्यतः स्टेशने व विमानतळ यांपुरती उरली.

याचे खापर लोक घरबसल्या माल मागविण्यावर फोडतात. ते खरेही आहे. ब्रिटनमध्ये किरकोळ विक्रीचा सुमारे पाचवा हिस्सा २०२० च्या आरंभीच इंटरनेटवरून होत होता. कोरोनाच्या टाळेबंदीत, जानेवारी २०२१ मध्ये, तो तिसऱ्या हिश्श्याहूनही वर गेला आणि नंतर पाव हिश्श्याच्या आसपास स्थिरावला. पण एवढेच कारण नव्हे. दुकानावरचा सरकारी कर, ज्याला तिकडे 'बिझनेस रेट्स' म्हणतात, तो जागेच्या अंदाजी भाड्याच्या निम्म्याच्या आसपास असे. भाडे अधिक हा कर, आणि त्यावर नोकरांचा पगार. शहराबाहेर गुदाम बांधून माल घरपोच करणाऱ्याशी दुकानदाराने टक्कर द्यावी कशी?

शिवाय १९८६ च्या दिवाळखोरी कायद्यात घेणेकऱ्यांशी तडजोडीची एक वाट होती. तीन-चतुर्थांश घेणेकऱ्यांनी, रकमेच्या हिशेबाने, मान्यता दिली की पेढीला भाडे कमी करून घेता येते. माल पुरविणाऱ्यांना पुरते पैसे मिळत असल्याने ते 'होय' म्हणत, आणि कुऱ्हाड पडे ती जागामालकावर. २०१८-१९ मध्ये न्यू लुक, डेबनहॅम्स, टॉपशॉपवाली आर्केडिया अशा एकामागून एक पेढ्यांनी हीच वाट धरली. 'उतरणार नाही' म्हणून लिहिलेले भाडे असे उतरले.

जागांच्या कंपन्यांपैकी सर्वांत मोठी पडझड झाली ती 'इंटू' या कंपनीची. मँचेस्टरजवळचे ट्रॅफर्ड सेंटर, एसेक्समधले लेकसाइड, गेट्सहेडचे मेट्रोसेंटर ही तिची ठाणी. ट्रॅफर्ड सेंटर तिने २०११ मध्ये सुमारे १६० कोटी पौंडांना घेतले. इमारती उत्तम, गर्दी भरपूर. अशी कंपनी बुडेल असे सांगणाऱ्याला लोकांनी वेड्यात काढले असते.

पण कर्ज! शाळेतल्या पोराला समजेल असा हा हिशेब आहे. शंभर रुपयांच्या इमारतीवर पन्नास रुपये कर्ज आहे. इमारतीची किंमत तीस रुपयांनी उतरली. सावकाराचे पन्नास जिथल्या तिथे. भागधारकाचे पन्नासांचे वीस झाले. इमारत तीस टक्क्यांनी उतरली, भागधारक साठ टक्क्यांनी बुडाला. त्यात कर्जखतात आणखी एक अट असते की, किमतीच्या अमुक टक्क्यांवर कर्ज जाता कामा नये. गेले, तर सावकार दारात. इंटूवर सुमारे ४५० कोटी पौंड कर्ज होते आणि २०१९ या एका वर्षात तिला सुमारे २०० कोटी पौंडांचा तोटा दाखवावा लागला. बहुतेक तोटा इमारतींच्या किमती कमी धराव्या लागल्यामुळेच.

भागधारकांना आधी कळावयाला नको होते काय? माझ्या मते कळावयास हवे होते, कारण बाजार ओरडून सांगत होता. जागांच्या कंपनीला दोन किमती असतात. मूल्यमापकाने इमारती मोजून, कर्ज वजा करून काढलेली ती पुस्तकी किंमत. आणि शेअरबाजारात रोज निघते ती दुसरी. इंटूचा बाजारभाव पुस्तकी किमतीच्या कितीतरी खाली असे. भोळा माणूस म्हणे, "रुपयाचा माल आठ आण्यांत मिळतो आहे, घ्या!" पण मूल्यमापक किंमत ठरवितो ती आसपास झालेल्या व्यवहारांवरून. मॉल विकतच घ्यावयाला कोणी येत नसेल, तर तो कशावरून ठरविणार? जुना आकडा थोडासा खरवडून पुन्हा लिहिला जातो. आठ आणे म्हणणारा बाजार चुकत नव्हता. उलट, तोही जरा उदारच होता.

डिसेंबर २०१७ मध्ये हॅमरसन या दुसऱ्या कंपनीने इंटू ३४० कोटी पौंडांना घेण्याचे ठरविले आणि एप्रिल २०१८ मध्ये अंग काढून घेतले. त्याच वर्षी आणखी एका गटाने भागाला सुमारे २१५ पेन्स देऊ केले. नोव्हेंबरात तोही परतला. मार्च २०२० मध्ये नवे भांडवल उभारावयाला कंपनी निघाली, तेव्हा दारात कोणी उभे करीना. मग टाळेबंदी आली. मार्चच्या भाडेदिनाला तिसरा हिस्साही भाडे जमा झाले नाही, आणि जूनच्या भाडेदिनानंतर दोनच दिवसांनी, २६ जून २०२० रोजी, इंटूचा कारभार दिवाळखोरीच्या प्रशासकांच्या हाती गेला. भागाचा भाव तेव्हा दोन पेनींच्याही आत होता. भागधारकांना काही मिळाले नाही. ट्रॅफर्ड सेंटर कॅनडाच्या एका निर्वाह-निधीने, ज्याचे त्यावर कर्ज होते त्यानेच, ताब्यात घेतले. तिथे खरेदीला येणाऱ्या बायाबापड्यांना यातले काही जाणवलेही नसेल. दिवे तेच, दुकाने तीच. मालक तेवढा बदलला.

हॅमरसन वाचली, पण कशी? २०१८ मध्ये एका फ्रेंच कंपनीने तिच्या भागाला ६३५ पेन्स देऊ केले होते, ते तिने झिडकारले. २०२० मध्ये प्रत्येक भागामागे चोवीस नवे भाग १५ पेन्सला विकून तिने ५५ कोटी पौंड उभे केले. भागांची संख्याच बदलल्याने हे दोन भाव सरळ ताडून पाहता येत नाहीत, हे मान्य. तरी जुन्या भागधारकाच्या घशाखाली ते उतरले नसणार!

भाग नकोत म्हणून ज्यांनी जागांत पैसे घालणारे म्युच्युअल फंड घेतले, त्यांची वेगळीच फजिती झाली. फंडातून पैसे कोणत्याही दिवशी काढता येतात; इमारत विकावयाला मात्र महिने लागतात. २०१६ च्या जुलैत, ब्रेक्झिटच्या कौलानंतर, अनेक फंडांनी दारे लावून घेतली. डिसेंबर २०१९ मध्ये एम अँड जी या संस्थेच्या सुमारे २५० कोटी पौंडांच्या फंडाने पैसे परत देणे थांबविले. ते पुन्हा सुरू व्हायला २०२१ उजाडले.

यानंतर भाव उतरले ते उतरलेच. लिव्हरपूल वन हे बाजारकेंद्र २००८ मध्ये सुमारे १०० कोटी पौंड खर्चून उभे राहिले होते. त्याचा ९२ टक्के हिस्सा लँडसेक या कंपनीने २०२४ च्या डिसेंबरात ४९ कोटी पौंडांना घेतला. हे मला अरिष्टाचे नव्हे, शहाणपणाचे लक्षण वाटते. दुकानदाराला झेपेल अशा भाड्यावर बेतलेली किंमत टिकण्याचा संभव अधिक. 'फक्त वर' जाणाऱ्या भाड्याच्या कलमावर नव्या भाडेपट्ट्यांत बंदी घालावी, असे विधेयकही तिथल्या सरकारने जुलै २०२५ मध्ये मांडले. जागांच्या कंपन्या त्यावर रुष्ट झाल्या, हे ओघाने आलेच.

आता आपल्याकडचे. नेक्सस सिलेक्ट ट्रस्ट हा केवळ मॉलचा असा आपला पहिला न्यास २०२३ च्या मे महिन्यात शेअरबाजारात आला. नवी मुंबईतले सीवूड्स आणि पुण्यातले वेस्टएंड त्याच्याकडे आहेत. सेबीच्या नियमांनी अशा न्यासाचे कर्ज मालमत्तेच्या ४९ टक्क्यांवर जाऊ देत नाहीत, हे चांगलेच. आपल्या मॉलमध्ये पुष्कळ ठिकाणी किमान भाडे किंवा विक्रीतला ठराविक हिस्सा, यांपैकी जे अधिक ते घेण्याची रीत आहे. तीही इंग्लंडच्या कलमापेक्षा बरी. म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पण ओस पडलेले, सरकते जिने बंद असलेले मॉल मुंबई-पुण्यातही आहेतच, आणि नियमात कमाल मर्यादा आहे म्हणून कर्ज तिथपर्यंत न्यावेच असेही नाही.

भाग घेण्यापूर्वी एका रविवारी संध्याकाळी त्या मॉलमध्ये जाऊन या. गर्दी मोजू नका. पोरे गार हवेत हिंडावयालाही जातात. बाहेर पडणाऱ्यांच्या हातांत पिशव्या किती आहेत ते पाहा, वरच्या मजल्यावर पत्रे ठोकून रंगीत चित्रे लावलेले गाळे किती ते मोजा. मग घरी येऊन वार्षिक अहवाल काढा. पुढच्या पानांवरचे फोटो सोडून द्या. कोणाचे किती कर्ज आहे आणि ते कोणत्या साली फेडावयाचे आहे, हा तक्ता मागच्या पानांत बारीक टायपात असतो. चष्मा जवळ ठेवा.