वहीचे मागचे पान

परतवाड्याहून मेळघाट ओलांडून बुऱ्हाणपूरला चाललो होतो. मुमताजमहल जिथे वारली ते गाव एकदा पाहायचे, एवढाच हेतू. धारणी मागे पडली, राज्याची सीमा केव्हा गेली ते कळलेही नाही, आणि गाडी देडतलाईला थांबली. हा मध्य प्रदेशचा बुऱ्हाणपूर जिल्हा. पण सीमा नकाशावर. अलीकडे कोरकू, पलीकडेही कोरकू. सोयरिकी दोन्हीकडे. चहाच्या टपरीवर मराठी, हिंदी, निमाडी आणि कोरकू अशा चार भाषा एकाच बाकावर दाटीवाटीने बसलेल्या. आपल्या पत्रादेवीच्या किंवा पोळेच्या नाक्यावर उभे राहिले की जसे वाटते, अगदी तसेच वाटले.

बाकावर माझ्या शेजारी एक बाई होती. मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली जाडजूड वही. जवळच्याच एका ढाण्यावरची (आपण वाडा म्हणतो ना, तसा ढाणा) ती आशा कार्यकर्ती. गोव्याहून आलो म्हटल्यावर "समुंदरवाला गोवा?" म्हणून हसली. मी विचारले, "दीदी, या वहीत काय लिहिता?"

"सब लिखते हैं भैया. कौन पेट से है, किसका बच्चा हुआ, किसका गया."

"गेलेले सगळे येतात वहीत?"

ती जरा थांबली. मग वही उलटी करून तिने मागचे पान उघडले. तिथे पेन्सिलीने दोन ओळी होत्या. एक पोर पहिलटकरणीच्या माहेरी, धारणीच्या बाजूच्या गावात, घरीच जन्मले. बाराव्या दिवशी सासरी, इकडे, गेले. तिकडच्यांना वाटले मृत्यू इकडे लिहिला जाईल. इकडे तर जन्मच लिहिलेला नव्हता, मग मृत्यू कशाचा लिहायचा? नियमाने जन्म एका राज्यात नोंदायचा, मृत्यू दुसऱ्या. घरच्यांनी दोन्हीकडे जाणे टाळले. "किसी खाने में बैठा नहीं," ती म्हणाली, "तो पीछे लिख के रखा."

मी विचारले, नाव? म्हणाली, नाव ठेवलेच नव्हते.

त्या रात्री बुऱ्हाणपूरच्या लॉजवर झोप येईना. मोबाईल काढला आणि शोधू लागलो, या भागात वर्षाला किती मुले दगावतात? देडतलाई टाइप केल्यावर नकाशा आला, हवामान आले. मुलांचा आकडा मात्र आला नाही. मग जिल्हा शोधला. इथे पहिला धडा मिळाला. बुऱ्हाणपूर जिल्हा झाला २००३ साली. त्याआधी तो खंडवा, म्हणजे पूर्व निमाड जिल्ह्यात होता. केंद्र सरकारने २०१० ते २०१३ या काळात नऊ राज्यांत वार्षिक आरोग्य सर्वेक्षण केले आणि २८४ जिल्ह्यांचे अर्भक मृत्युदर काढले. फार मोलाचे काम! पण जिल्हे धरले २००१ च्या जनगणनेचे. म्हणजे बुऱ्हाणपूर पुन्हा पूर्व निमाडच्या पोटात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) बुऱ्हाणपूरचे स्वतंत्र पत्रक आहे. त्यात लसीकरण आहे, कुपोषण आहे, पण मृत्युदर नाही, कारण जिल्ह्याचा नमुना त्यासाठी अपुरा पडतो.

तेव्हा राज्याच्या आकड्यावर आलो. नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०२० साली मध्य प्रदेशात हजार जिवंत जन्मांमागे ४३ अर्भके वर्षाच्या आत दगावली, महाराष्ट्रात १६. पण कुटुंब आरोग्य सर्वेक्षण उघडावे तर महाराष्ट्राचा आकडा २३! दोन्ही सरकारी, दोन्ही खरे. मग १६ की २३?

आपल्यापैकी बहुतेक जण इथे कंटाळून म्हणतात, "सरकारी आकडे, सगळे खोटेच." किंवा आपल्या मताला सोयीचा तो उचलतात आणि पुढे पाठवतात. दोन्ही आळसच. नमुना नोंदणीत निवडलेल्या गावी स्थानिक माणूस वर्षभर जन्म-मृत्यू टिपत राहतो. सहा महिन्यांनी दुसरा स्वतंत्र माणूस येऊन घरोघर विचारतो, आणि दोघांचे जिथे जुळत नाही तिथे पुन्हा जाऊन खात्री केली जाते. ही पद्धत देशभर साधारण १९७० पासून चालू आहे आणि तिचा दर त्या-त्या वर्षाचा असतो. कुटुंब सर्वेक्षणात बाईला तिच्या सगळ्या बाळंतपणांची हकीकत विचारतात आणि मागच्या पाच वर्षांचा मिळून दर काढतात. मृत्यू कमी होत असतील तर पाच वर्षांचा आकडा मोठाच दिसणार. १६ आणि २३ यांच्यातले काही अंतर या काळाच्या फरकाचे, काही मोजण्याच्या रीतीचे. असत्य कुणीच बोलत नाही. प्रश्न वेगळे आहेत, म्हणून उत्तरे वेगळी आहेत.

आता कुणी म्हणेल, सरकारी नको, परदेशी संस्थेचे पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था भारताचे जे बालमृत्यूचे अंदाज देतात ते याच नोंदणीवर आणि याच सर्वेक्षणांवर गणित करून काढलेले असतात. दहा संकेतस्थळांवर एकच आकडा दिसला म्हणजे दहा साक्षीदार मिळाले असे नव्हे. विहीर एकच, कळशा दहा. आणि विहिरीत पाणी येते ते त्या बाईच्या वहीसारख्या झऱ्यांतून. झराच बुजला तर?

हे भय कल्पनेतले नाही. गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेच्या डॉ. अभय बंग यांनी २००१ साली 'कोवळी पानगळ' हा अहवाल काढला. महाराष्ट्रातल्या १३ स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या गावांत दारोदार जाऊन मुलांचे जन्म-मृत्यू मोजले होते. शासनाच्या खात्याने नोंदलेले बालमृत्यू प्रत्यक्षाच्या तुलनेत फारच थोडे आहेत, हे त्यातून उघड झाले. गदारोळ झाला. मग सरकारनेच बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद डॉ. बंग यांना दिले. टीका करणाऱ्याच्या हातीच मोजमाप द्यायचे, हा शहाणपणा आपल्याकडे विरळाच.

नोंद का होत नाही? दुष्टपणाने क्वचितच. जन्मताच गेलेले मूल 'उपजत मृत' म्हणून लिहिले की ते अर्भक मृत्यूत धरले जात नाही. ज्या कर्मचाऱ्याच्या वहीत मृत्यू जास्त, त्यालाच जाब विचारला जातो. मग खरे लिहिणाऱ्याने खरे का लिहावे? आणि काही मुले तर सीमेवरच अडकतात, त्या बाराव्या दिवसाच्या मुलासारखी.

मोजून काय होते, असे विचारणाऱ्यांसाठी उत्तरही गडचिरोलीतच आहे. 'सर्च'ने गावागावांत जन्म-मृत्यू काटेकोर मोजले, तेव्हा कळले की पुष्कळशी मुले पहिल्या महिन्यातच जातात. म्हणून गावातल्याच बायकांना शिकवून ३९ गावांत घरी नवजाताची काळजी सुरू केली, आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेत ६२ टक्क्यांनी खाली आला. हा निबंध डिसेंबर १९९९ च्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आला, आणि २०११ पासून ही घरपोच काळजी देशभरच्या आशांच्या कामात आली. देडतलाईच्या बाकावरची ती बाई बाळाला तपासायला घरी जाते, त्याचे मूळ गडचिरोलीच्या त्या मोजणीत आहे.

दुसऱ्या दिवशी बुऱ्हाणपूर पाहिले. तापी वाहत होती. १७ जून १६३१ रोजी या गावी मुमताजमहल चौदाव्या बाळंतपणात गेली. चौदांपैकी सातच मुले मोठी झाली. तिचा दिवस, बाळाचे नाव, पहिल्यांदा कुठल्या बागेत पुरले, सारे इतिहासाला ठाऊक आहे. पुढे ताजमहाल उभा राहिला. हिंदुस्थानातला हा बहुधा सर्वांत पक्का नोंदलेला मातामृत्यू असावा! आणि तिथून थोड्याच कोसांवर, चारशे वर्षांनी, एका मुलाची नोंद पेन्सिलीने, मागच्या पानावर.

आता आपल्याकडे वळतो, कारण मेळघाटाबद्दल हळहळणे गोमंतकीयांना सोपे जाते. आपला आकडा सुंदर आहे. २०२० च्या नमुना नोंदणीत गोव्याचा अर्भक मृत्युदर ५. अभिमान वाटावा असाच. १८४२ पासून पणजीत वैद्यकीय शाळा, १९१४ पासून नागरी नोंदणी, ही पुण्याई मागे आहे. २०२० साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्क्यांचे कारण डॉक्टरने लिहिले होते. गोव्यात जवळजवळ सगळ्यांचे.

पण तळटीपही वाचावी. लहान राज्यांचा हा दर तीन वर्षे एकत्र धरून काढलेला असतो. कुटुंब सर्वेक्षणाने गोव्याला ५.६ दिले, त्यासाठी सुमारे दोन हजार स्त्रियांना विचारले, म्हणजे पाच वर्षांतले जन्म काही शेकड्यांतच. त्यात एखाद-दुसरे मूल इकडचे तिकडे झाले की सगळा दर हलतो. तेव्हा '५.६ चे ५.२ झाले, प्रगती!' असा मथळा दिसला तर टाळ्या जपून वाजवाव्या. आणखी एक. मृत्यू घडतो तिथे नोंदायचा, असा १९६९ चा कायदा आहे. बांबोळीला गोमेकॉत सावंतवाडी-दोडामार्गचे, कारवारचे रुग्ण येतात. त्यातला कुणी गेला तर नोंद गोव्याची. उद्या कुणी नोंदणीचे कच्चे आकडे घेऊन 'गोव्यात अमुक रोगाने मृत्यू वाढले' म्हणून संदेश पाठवील, तेव्हा आधी विचारावे की ही माणसे राहणारी कुठची?

म्हणून माझे म्हणणे एवढेच. आरोग्याचा कुठलाही आकडा हाती आला की चार गोष्टी विचाराव्या. कोणी मोजला? कधीचा? माणसे कुठची? आणि भागले कशाने? एखाद्या गावात वर्षाला चाळीस जन्म होत असतील तर एका मृत्यूने दर २५ होतो, दोहोंनी ५०. 'दर दुप्पट झाला' ही बातमी खरी, आणि तरी तेवढ्यावरून काहीच ठरत नाही. ज्या आकड्याला ही चार उत्तरे देता येत नाहीत तो पुढे पाठवू नये, मग तो आपल्या पक्षाचा असो की विरोधी. उत्तरे बहुधा मूळ अहवालात, पहिल्या दोन पानांत आणि तळटिपांत असतात. ते अहवाल फुकट वाचायला मिळतात. वाचणारेच कमी.

आणि ज्या ठिकाणी आकडा वाढला म्हणून लगेच कुणाला तरी शिक्षा मागण्याची आपल्याला सवय आहे, तिथे जरा थांबावे. कधी कधी आकडा वाढतो तो कुणीतरी खरे लिहायला लागल्यामुळे. अशा माणसाला आपणच गप्प बसवले, तर पुढच्या वर्षी आकडा छान दिसेल, आणि मुले तशीच जातील.

निघताना मी त्या बाईला विचारले होते, मागच्या पानाचे पुढे काय करणार? ती वही पिशवीत गुंडाळत म्हणाली, "कोई पूछने आएगा तो दिखाऊंगी."