आंबा हापूस, होमपेज पायरी

पायरीप्रेमींनी रागावू नये. आमरसाला पायरीच लागते हे मलाही मान्य आहे. पण पेटीवर हापूस लिहून आत पायरी निघाली तर गिऱ्हाईक परत येईल का? आमच्या रत्नागिरीतल्या आंबेवाल्यांच्या साइट्स बघताना मला बरेचदा याच्या बरोब्बर उलटं दिसतं. आत माल अस्सल, आणि वरचं पान असं की इथे काय विकतात ते गूगललाही कळू नये!

तर मंडळी, आजचा विषय होमपेज. 'आयटीवाल्याचं दुकान सुरू झालं' असं म्हणू नका, विषय पोटापाण्याचा आहे. बागायतदार स्वतःची साइट कशासाठी काढतो? वाशी मार्केटला माल पाठवायचा म्हणजे भाव तिथला, आणि पट्टी हातात येईपर्यंत जिवाला घोर. त्यापेक्षा पेटी थेट पुण्या-मुंबईच्या घरी गेली तर दोन पैसे जास्त सुटतात. पण मुख्य सीझन जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा. तेवढ्या दिवसांत कोणी 'रत्नागिरी हापूस' सर्च केलं आणि आपली साइट तिसऱ्या पानावर असली, तर ती नसल्यातच जमा. एक दलाल टळला, पण सर्चचं पहिलं पान हा दुसरा दलाल उभाच आहे. फरक एवढाच, की या दलालाला काय लागतं ते बऱ्यापैकी माहीत आहे.

लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी 1998 साली स्टॅनफर्डमध्ये असताना मांडलेली मूळ कल्पना साधी होती. एखाद्या पानाकडे किती आणि कोणत्या पानांवरून लिंक येतात, यावरून त्याचं वजन ठरवायचं. आज गूगल इतर शेकडो गोष्टी बघतं, पण लिंकचं महत्त्व संपलेलं नाही. आता बघा, बाहेरचा माणूस लिंक देतो ती बहुतेक वेळा होमपेजची. म्हणजे साइटचं वजन आधी तिथे जमा होतं आणि तिथल्या लिंकमधून आतल्या पानांना वाटलं जातं. ज्या पानाची लिंक होमपेजवर नाही, ते घरातल्या माळ्यावर टाकलेल्या जुन्या ट्रंकेसारखं. आहे, पण कोणाच्या लक्षात नाही.

आता आपल्याकडचं नेहमीचं होमपेज आठवा. वर पाच फोटोंचा सरकता स्लायडर, त्यावर 'सुस्वागतम्'. दरपत्रक डिझायनरने बनवलेल्या जेपीजीमध्ये. गावाचं नाव त्याच चित्रात, फोन नंबरही त्याच चित्रात. आणि ब्राउझरच्या टॅबवर पानाचं टायटल काय, तर 'होम'! चित्रातली अक्षरं गूगल वाचेलच असा भरवसा धरता येत नाही. मराठीवाल्यांनी हे एकदा भोगलंय. पूर्वी आपल्या किती साइट्स स्वतःच्या खास फाँटमध्ये होत्या. डोळ्यांना मराठी दिसायची, सर्चला मात्र नुसता कचरा. युनिकोड आलं आणि ते दुखणं गेलं. आता तीच मराठी आपण हौसेने जेपीजीत कोंबतोय.

दुसरी तऱ्हा वर्डप्रेसवाल्यांची. तिथे सेटिंगमध्ये दोन पर्याय असतात: होमपेजवर ताज्या नोंदी दाखवायच्या, की एक कायमचं पान. बरेच जण पहिला पर्याय आहे तसाच ठेवतात. मग ऐन एप्रिलमध्ये होमपेजवर सगळ्यात वर काय, तर गेल्या दिवाळीच्या शुभेच्छा. यातला अमुक पर्याय निवडला म्हणून गूगल जादा मार्क देत नाही. प्रश्न आहे तो पानावर काय टिकून राहतं याचा. रोज बातम्या देणाऱ्याला ताज्या नोंदी ठीक आहेत. वर्षाला एकच माल विकणाऱ्याने कायमचं पान ठेवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. दर वर्षी 'हापूस' नावाचं नवं पान काढून जुनं उडवणं तर अजिबात नको. जुन्या पानाला मिळालेल्या लिंक त्याच्याबरोबर बुडतात. झाड तेच ठेवा, मोहोर दर वर्षी नवा येऊ द्या.

आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकट, त्याच्याशिवाय, एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, अशा चार पत्त्यांवर एकच होमपेज उघडत असेल, तर मुख्य पत्ता कोणता ते गूगलवर सोडू नका. तीन पत्ते चौथ्याकडे कायमचे वळवा. मुख्य पत्ता सांगणारा कॅनॉनिकल टॅग तर 2009 पासून आहे. आणि साइट मोबाइलवर तपासा. गूगल आता मुळात मोबाइलची आवृत्तीच धरून चालतं, आणि मोबाइलवरचा वेग 2018 पासून क्रमवारीत मोजला जातो. पाच-पाच एमबीचे फोटो म्हणजे आपल्याच पायावर धोंडा.

'आमचा आंबा तोंडोतोंडी खपतो, हे चाळे कशाला?' असं एका बागायतदार काकांनी मला ऐकवलं. जुन्या गिऱ्हाइकांपुरतं त्यांचं खरं आहे. होमपेज सुधारलं की लगेच पहिला नंबर येतो, असंही नाही. वर जाहिराती असतात, नकाशातल्या नोंदी असतात, जुन्या मोठ्या साइट्स असतात. पण इथे नुसत्या विक्रीचा नाही, नावाचाही प्रश्न आहे. 2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. परराज्यातला आंबा हापूस म्हणून खपवला जातो, ही तक्रार त्यामागे होतीच. कायद्याने नाव आपल्याला दिलं. पण सर्चचं पान कोणाचं प्रमाणपत्र तपासायला बसत नाही. ज्याने 'रत्नागिरी हापूस' नीट, वाचता येईल असं लिहिलंय, तो पुढे. मग त्याची बाग रत्नागिरीत असो वा नसो!

म्हणून माझी एक सोपी कसोटी. आपलं होमपेज फोनवर कोणाला तरी नुसतं वाचून दाखवा. चित्रं वगळून. आंबा कोणता, कुठल्या गावचा, मानांकनाची नोंदणी आहे का, पेटी कधी मिळेल, ऑर्डर कुठे द्यायची, हे ऐकणाऱ्याला कळलं तर गूगललाही कळेल. मराठीत लिहा, खाली इंग्रजीतही लिहा, पण माणसाशी बोलावं तसं. 'हापूस हापूस हापूस' असा जप नको, त्याने पुण्य लागत नाही :)

हे सगळं एका रविवारचं काम आहे, आणि पावसाळ्यात केलं तर उत्तम. मोहोर धरायच्या आत गूगलला पान वाचायला वेळ मिळतो.