पगार कापून शिस्त येत नाही, चुका लपतात



दुकानात दोन-तीन माणसं कामाला ठेवली की बरेच मालक पहिला नियम सांगतात, नुकसान केलं तर पगारातून कापणार. ऐकायला शिस्तीचं वाटतं. पण माझं स्पष्ट मत आहे, हा नियम मालकालाच महाग पडतो.

कसं ते बघा. तेलाची बरणी फुटली तर ती सगळ्यांना दिसते. पण यूपीआयचे पैसे जमा झाले का हे न बघता माल देऊन टाकला, मागच्या रॅकवर बिस्किटांच्या बॉक्सची डेट संपत आली, फ्रीज नीट थंड होत नाही, या गोष्टी आधी कामगारालाच कळतात. पगार कापला जाईल म्हटल्यावर तो बॉक्स गुपचूप मागे सरकवतो. महिनाभर आधी कळलं असतं तर ऑफर लावून माल काढता आला असता, डिस्ट्रिब्युटरशी बोलता आलं असतं. डेट गेल्यावर कळलं तर सगळा तोटा आपला. आणि तोच पुडा गिऱ्हाइकाच्या हातात गेला तर नाव खराब होतं ते वेगळंच.

हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीम्सचा अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये औषधं देताना कमी चुका होत असतील असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे आले, चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त! खोलात गेल्यावर दिसलं की तिथली माणसं चुका उघडपणे सांगत होती. बाकीच्या टीममध्ये त्या दाबल्या जात होत्या. यालाच पुढे 'सायकॉलॉजिकल सेफ्टी' म्हणायला लागले. आपल्या भाषेत, बोललो तर मार खाणार नाही याची खात्री.

टोयोटाच्या कारखान्यात साधा कामगारसुद्धा गडबड दिसली की लगेच इशारा देतो. सुपरवायझर लगेच येतो, आणि प्रश्न सुटला नाही तर लाइन थांबते. एवढ्या मोठ्या कंपनीला हे परवडतं, मग आपल्या दुकानाला का नाही?

"असं केलं तर पोरं डोक्यावर बसतील," असं तुम्ही म्हणाल. नाही बसणार, फक्त रेषा स्पष्ट आखा. चोरी, खोटं बिल, मुद्दाम लपवणं याला माफी नाही. चूक झाली आणि त्याच दिवशी सांगितली, तर एक रुपया कापायचा नाही.

उद्यापासून तीन गोष्टी करा.

१. हा नियम सगळ्यांना एकत्र बसवून सांगा.

२. कोणी चूक सांगायला आलं की तुमचं पहिलं वाक्य हेच हवं, "बरं झालं सांगितलंस, आता काय करायचं?" गिऱ्हाइकासमोर कधीच झापू नका. ते एक जण ऐकतो आणि गप्प व्हायचं सगळेच शिकतात.

३. शटर ओढायच्या आधी पाच मिनिटं विचारा, "आज काय अडलं?" सगळ्यात नवीन मुलाला आधी बोलू द्या, तुम्ही शेवटी बोला.

एक मात्र लक्षात ठेवा. पहिल्या महिन्यात दुकानात चुका वाढल्यासारखं वाटेल. घाबरून परत पगार कापायला लागू नका. या चुका आधीही होत होत्या, फक्त तुमच्यापर्यंत आत्ता पोहोचायला लागल्यात.