निरर्थकाची कसोटी आणि लिपीचे रक्षण

संहितेच्या रक्षणाचा विचार साहित्याच्या अभ्यासकांनी आजवर मुख्यतः दोन अंगांनी केला. हस्तलिखिते जमवून, पाठ ताडून शुद्ध संहिता सिद्ध करणे हे पहिले अंग. ती छापून ग्रंथालयांतून जतन करणे हे दुसरे. आता तिसरे अंग उभे राहिले आहे आणि त्याकडे भाषाविभागांचे लक्ष अद्याप पुरेसे गेलेले नाही. मराठी, तेलुगू वा बंगाली मजकूर आज वाचकापर्यंत पोहोचतो तो बहुतांशी पडद्यावरून. साठवलेल्या संकेतांकांना दृश्य अक्षररूप देणारी एक आज्ञावली लेखक आणि वाचक यांच्या मध्ये उभी असते. ती आज्ञावली अडखळली तर उत्तमोत्तम संहिताही वाचकाला दिसत नाही. ती अडखळते कोठे, हे शोधण्याची एक रीत म्हणजे तिला हेतुपुरस्सर निरर्थक मजकूर वाचावयास देणे. या रीतीला ‘फझ चाचणी’ म्हणतात. अशा चाचण्या लिहून मुक्तस्रोत प्रकल्पांना अर्पण करणे हे केवळ तंत्रज्ञांचे काम आहे, हा समज तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

या रीतीचा उगम मनोरंजक आहे. १९८८ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्राध्यापक बार्टन मिलर घरून दूरध्वनीच्या तारेवरून विद्यापीठाच्या संगणकाशी जोडले गेले असता वादळी पावसामुळे तारेत खरखर निर्माण झाली व टंकलेल्या मजकुरात भलतीच चिन्हे घुसू लागली. त्यांना नवल वाटले ते चिन्हे घुसली याचे नव्हे, तर त्या चिन्हांमुळे नेहमीच्या वापरातील आज्ञावल्या कोसळल्या याचे. हाच प्रश्न त्यांनी विद्यार्थ्यांना वर्गकार्य म्हणून दिला. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार युनिक्सच्या सात आवृत्त्यांवरील सुमारे ९० उपयुक्त आज्ञावल्यांपैकी २४ टक्क्यांहून अधिक आज्ञावल्या केवळ यादृच्छिक चिन्हांच्या माऱ्याने कोसळल्या. ज्यांवर तज्ज्ञांचा वर्षानुवर्षे विश्वास होता, त्या या आज्ञावल्या होत्या.

प्रारंभीची ही रीत आंधळी होती. पुढे ती डोळस झाली. २०१३ साली मिखाउ झालेव्स्की यांनी प्रसिद्ध केलेल्या ‘अमेरिकन फझी लॉप’ या साधनाने एक साधे तत्त्व रूढ केले. दिलेल्या मजकुरात लहानसा बदल करावा. त्या बदलाने आज्ञावली आजवर न चोखाळलेल्या वाटेने गेली तर तो मजकूर जपून ठेवावा, एरवी टाकून द्यावा. आणि जपलेल्यावर पुन्हा नवे बदल करावेत. अशा रीतीने अर्थशून्य चिन्हांच्या राशीतून हळूहळू आज्ञावलीच्या आडवाटा उजेडात येतात. चाचणी लिहिणाऱ्याचे काम वरकरणी अगदी थोडे असते. येणाऱ्या बाइटांची रांग घेऊन ती तपासावयाच्या आज्ञासंग्रहाच्या हाती देणारे दहापाच ओळींचे एक कार्य त्याने लिहावयाचे असते. खरे कौशल्य कोणते दार ठोठवावे आणि प्रारंभी हाती काय द्यावे, हे ठरवण्यात आहे.

या कामाला सार्वजनिक हिताचे स्वरूप आले ते एका आपत्तीमुळे. जगातील असंख्य संकेतस्थळांच्या गुप्त व्यवहाराचा भार वाहणाऱ्या ओपनएसएसएल या मुक्तस्रोत आज्ञासंग्रहात २०१२ पासून वितरित होत असलेला एक दोष एप्रिल २०१४ मध्ये उघडकीस आला. समोरच्याने ‘माझा संदेश एवढा लांब आहे’ असे सांगावे आणि आज्ञावलीने तो खरोखर तेवढा आहे का हे न पाहता आपल्या स्मृतीतील तितका मजकूर परत द्यावा, असा तो दोष होता. ‘हार्टब्लीड’ या नावाने तो कुप्रसिद्ध झाला. त्यानंतर डिसेंबर २०१६ मध्ये गूगलने ओएसएस-फझ ही सेवा सुरू केली. महत्त्वाच्या मुक्तस्रोत प्रकल्पांनी आपल्या फझ चाचण्या तेथे द्याव्यात आणि त्या अहोरात्र चालवल्या जाव्यात, अशी ही योजना आहे. मे २०२५ पर्यंत सुमारे १,००० प्रकल्पांतील १३,००० हून अधिक सुरक्षाविषयक उणिवा आणि ५०,००० दोष तिच्या साहाय्याने सापडून दुरुस्त झाल्याचे तिच्या चालकांनी नमूद केले आहे.

भारतीय भाषांच्या अभ्यासकांचा याच्याशी संबंध कोठे येतो, याचे उत्तर ‘हार्फबझ’ या प्रकल्पात मिळते. नाव फारसी आहे: ‘हर्फ’ म्हणजे अक्षर आणि ‘बाज’ म्हणजे उघडे. संकेतांकांच्या रांगेला फाँटच्या साहाय्याने अक्षररूप देणे हे त्याचे कार्य. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड आणि लिब्रेऑफिस यांतील अक्षरे हाच आज्ञासंग्रह मांडतो. लॅटिन लिपीत हे काम तुलनेने सरळ असते. ब्राह्मीकुलातील लिपींत तसे नाही. ‘कि’ या अक्षरात वेलांटी साठवली जाते व्यंजनानंतर आणि दिसते व्यंजनाआधी. ‘र्क’मधील र आधी येतो आणि रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. चिन्हांची संख्या मांडणीच्या ओघात घटते, वाढते, त्यांची जागा बदलते. संख्या आणि जागा यांचा हिशेब जेथे सतत बदलतो, तेथेच स्मृतीच्या सीमा ओलांडल्या जाण्याचा धोका अधिक. देवनागरी, बंगाली, गुरमुखी, गुजराती, ओडिया, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या नऊ लिपींची मांडणी हार्फबझमधील एकच सामाईक भाग करतो. तेथील एक दुरुस्ती नऊ साहित्यांच्या उपयोगी पडते आणि एक चूक नऊ साहित्यांना भोवू शकते.

हा धोका काल्पनिक नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये ॲपलच्या दूरध्वनीसंचांवर तेलुगू लिपीतील एक लहानशी रचना आली की ती दाखवणारी आज्ञावली कोसळे. ज, हलन्त, ञ, मग जोड रोखणारे एक अदृश्य चिन्ह आणि शेवटी आकार, एवढीच ती रचना होती. पुढील विश्लेषणातून असे दिसले की बंगाली व देवनागरीतील तशाच काही रचनाही तोच परिणाम घडवीत. १९ फेब्रुवारी २०१८ रोजी दुरुस्ती वितरित झाली. तो मांडणीचा आज्ञासंग्रह हार्फबझ नव्हता, तर ॲपलचा स्वतःचा बंदिस्त संग्रह होता. त्यामुळे बाहेरचा कोणी तेलुगूचा जाणकार इच्छा असूनही त्याच्या मूळ आज्ञा वाचून आधी चाचणी लिहू शकला नसता. मुक्तस्रोत प्रकल्पात ते दार उघडे असते. प्रश्न आहे तो त्या दारातून आत जाणाऱ्यांचा.

येथेच विचार करण्याजोगी एक गोष्ट आहे. हार्फबझच्या शुद्धतेची तपासणी भारतीय लिपींबाबत झालेली नाही असे मुळीच नाही. २०१२ च्या सुमारास विकिपीडियातून घेतलेल्या सात लाखांहून अधिक देवनागरी शब्दांची मांडणी मायक्रोसॉफ्टच्या यंत्रणेशी ताडून पाहिली गेली होती. परंतु त्याच्या मुख्य फझ चाचणीची रचना वेगळी आहे. तीत विकृत केला जातो तो प्रामुख्याने फाँट. त्या फाँटने मांडावयाचा ठरीव मजकूर म्हणजे लॅटिन अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे यांची एक छोटी ओळ. त्याखेरीज फाइलच्या शेवटच्या बाइटांतून घेतलेली सोळा एकके मजकूर म्हणून दिली जातात. अशा मार्गाने देवनागरी जोडाक्षर आले तर ते नियमाने नव्हे, योगायोगाने येते. केवळ देवनागरीच्या १२८ जागांतून पाच चिन्हांच्या मांडण्या करावयाच्या म्हटल्या तरी त्या ३,४३५ कोटींहून अधिक होतात. आणि युनिकोडमधील चिन्हे तर दीड लाखांवर आहेत. फाँटच्या दोषांसाठी ती रचना योग्यच आहे. मजकुराच्या दोषांसाठी मात्र पूरक चाचणी हवी, आणि तिला प्रारंभी द्यावयाचा मजकूर लिपी जाणणाऱ्यानेच निवडावयास हवा.

या निवडलेल्या मजकुराला ‘बीजसंग्रह’ म्हणता येईल. आणि चाचणीने बदल करताना वापरावयाच्या चिन्हसमूहांच्या यादीला तंत्रज्ञ स्वतःच ‘शब्दकोश’ म्हणतात. हे दोन्ही शब्द भाषाभ्यासकाच्या घरचे आहेत. मराठीपुरता विचार केला तरी असा कोश करणाऱ्याला काय काय ठाऊक असावे लागेल, ते पाहावे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतही असाच अर्थभेद. यांतील अर्धा र संगणकात दोन रीतींनी साठवला जातो, ऱ आणि हलन्त अशा रीतीने किंवा र, हलन्त आणि एक अदृश्य संयोजक अशा रीतीने. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली २००८ साली, त्याआधीचे पुष्कळ लेखन अ आणि चंद्र अशा जोडीने झाले आणि आजही होते. त्यातच वैदिक स्वरचिन्हांची भर. आणि जुन्या फाँटांतील मजकुराचे युनिकोडीकरण करताना उपजलेल्या विकृती वेगळ्याच: व्यंजनाआधी आलेली वेलांटी, एका अक्षरावर दोन मात्रा, निराधार रफार. हे सारे कोणत्याही व्याकरणात सापडत नाही. ते सापडते प्रत्यक्ष संहितांशी झगडलेल्याला.

पाठचिकित्सेची परंपरा या संदर्भात आठवणे स्वाभाविक आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. त्या प्रदीर्घ परिश्रमात लेखनिकांच्या चुकांना मोठे प्रमाणमूल्य होते. लेखनिक कोठे व कसा चुकतो यावरून तो कोणत्या प्रतीवरून उतरवीत होता हे कळते. फझ चाचणी आज्ञावलीला याच न्यायाने वागवते: ती कोठे चुकते यावरून तिच्या कर्त्याने काय गृहीत धरले होते हे उघड होते. तथापि साम्य मर्यादेतच ठेवावे. घनपाठात पदे पुढेमागे फिरवून म्हणत, तेव्हा अर्थ बाजूला सारून केलेला तो क्रमबदल मूळ संहिता अचल राहावी यासाठी होता. फझ चाचणीला कोणतीही संहिता राखावयाची नसते. ती मजकूर मोडते आणि राखते ते वाचणाऱ्या यंत्राला. ‘हे आमच्याकडे होतेच’ असे म्हणून समाधान मानणाऱ्यांनी हा भेद ध्यानात घ्यावा.

या कामावर घेतले जाणारे आक्षेप दुर्लक्षणीय नाहीत. पहिला आक्षेप असा की फझ चाचणी केवळ यंत्र कोसळते का एवढेच पाहते. अक्षर चुकीचे उमटले तर तिला त्याचे सुखदुःख नाही. हे खरेच आहे, आणि म्हणूनच शुद्धतेच्या चाचण्या तिच्या जोडीने हव्यात. परंतु जे पान उघडतच नाही त्याच्या शुद्धतेची चर्चा निष्फळ होय. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हे आज्ञासंग्रह वापरून धनाढ्य कंपन्या नफा मिळवतात. मग विद्यापीठातील अभ्यासकाने त्यांच्यासाठी विनामूल्य का राबावे? याचे उत्तर वापराच्या अधिकारात आहे. मुक्तस्रोत संग्रहात घातलेली भर कोणाही कंपनीची मक्तेदारी होत नाही. कोकणीचा शब्दकोश करणारी एखादी लहान संस्थाही तिचा तितकाच लाभ घेते. तरीही वेतनाचा प्रश्न उरतोच, आणि तो संस्थांनी सोडवावयाचा आहे.

तिसरा आक्षेप प्रकल्पांची देखभाल करणाऱ्यांच्या बाजूने येतो, आणि तो सर्वांत विचारार्ह आहे. दोष शोधणे यंत्राने सोपे केले. दुरुस्ती मात्र माणसालाच करावी लागते. २०२५ साली लिबएक्सएमएल२ या बहुपयोगी आज्ञासंग्रहाच्या स्वयंसेवी देखभालकर्त्याने सुरक्षाविषयक तक्रारींना यापुढे गुप्ततेची वेगळी वागणूक देणार नसल्याचे जाहीर केले. अशा तक्रारींवर दर आठवड्याला कित्येक विनावेतन तास खर्च होतात, ही त्याची व्यथा होती. ओएसएस-फझच्या नियमानुसार सापडलेला दोष दुरुस्त न झाल्यास ९० दिवसांनी उघड केला जातो. एकट्या स्वयंसेवकाच्या डोक्यावर ही टांगती तलवारच आहे. म्हणून चाचणी देणाऱ्याचा धर्म केवळ दोष दाखवून मोकळे होण्याचा नसावा. कोसळवणारा मजकूर शक्य तितका लहान करून द्यावा, तो कोणत्या लिपीत व कोणत्या परिस्थितीत स्वाभाविकपणे येऊ शकतो हे सांगावे, योग्य दृश्यरूप कोणते याचा निर्वाळा द्यावा, आणि जमेल तेथे दुरुस्तीही सुचवावी. यांतील मधल्या दोन गोष्टी भाषेच्या जाणकारावाचून होणे कठीण आहे. चांगल्या ग्रंथपरीक्षणाकडूनही हीच अपेक्षा असते.

भारतीय भाषाविभागांना यातून एक निश्चित कार्यक्रम घेता येण्यासारखा आहे. प्रत्येक विभागाने आपापल्या लिपीचा एक लहान बीजसंग्रह सिद्ध करावा. त्यात नित्याची रूपे असावीत, दुर्मिळ रूपे असावीत आणि टंकलेखनात खरोखर आढळणारी अशुद्ध रूपेही असावीत. संग्रह हक्कमुक्त असावा आणि संगणकविभागाच्या साहाय्याने तो चाचणीसह मूळ प्रकल्पाकडे जावा. सूचीकार वा कोशकार यांच्या कामाला जसे संशोधनाचे मोल दिले जाते, तसेच ते याही कामाला द्यावे. कारण प्रकल्पाच्या नोंदवहीत कोणी, केव्हा, कोणती भर घातली याचा लेखी पुरावा सदैव उपलब्ध असतो. तेलुगूचा प्राध्यापक आणि मराठीचा प्राध्यापक यांना एकाच मेजावर बसवणारे विषय फार नाहीत. सामाईक आज्ञाभागातून नऊ लिपी वाहत असल्यामुळे हा विषय तसा आहे, आणि तौलनिक अभ्यासाला तो एक व्यावहारिक अधिष्ठान देऊ शकेल.