घामाची साक्ष

कुहीच्या बाजारपेठेत शटर खडखडताच एखादे स्वमग्न मूल कान झाकून किंचाळते, दुसरे निश्चल बसते. पहिल्यास हट्टी, दुसऱ्यास शहाणे ठरविले जाते. परंतु अंतरीची खळबळ चेहऱ्यावर उमटतेच असे नाही. ती जाणण्यासाठी संशोधक बोटांना दोन इलेक्ट्रोड लावून त्वचेची विद्युतवाहकता मोजतात. आवाज वा स्पर्श होताच तळहाताच्या घर्मग्रंथी चेतवल्या जातात. 1 ते 3 सेकंदांत वाहकता वाढू लागते. प्रत्येक मुलाचा प्रतिसाद निराळा असल्याने एवढ्या मोजमापावरून निदान होत नाही. मात्र संवेदनांची अतितीव्रता वा मंदता 2013 पासून अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या निदाननिकषांत समाविष्ट आहे. म्हणून शटर ओढण्यापूर्वी मुलास पूर्वसूचना द्यावी. त्यास दटावण्याआधी गोंगाट कमी करावा.